कोलायटिस आहे, थंडीतही रात्री घामानं बनियन भिजते, झोप उडाली आहे. कोणाला अनुभव?

वावरवाला | १७ नोव्हेंबर, रात्री १.४०

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतो आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. वेळ पाहून समजलंच असेल की झोप नाही.

मी दिग्रसकडचा, वय ३६. तीन एकर ओलीत, बाकी कोरडवाहू. २०२१ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, असा आजार निघाला. त्याआधी दीड वर्ष मूळव्याध समजून मलमं लावली, ते जाऊ द्या. मेसालामाइनच्या गोळ्या तेव्हापासून सुरू आहेत. दिवाळीनंतर परत रक्त दिसायला लागलं, दिवसातून सात-आठ वेळा जावं लागे. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमवर सुरू केलं, दर आठवड्याला ५ नं कमी करत जा म्हणाले. आता ३० वर आहे. संडास चार-पाच वेळांवर आली, रक्त कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही.

त्रास वेगळाच आहे. रात्री दीड-दोनला घामानं जाग येते. बायको-पोरं गोधडीत गुरफटलेली आणि माझी बनियन पिळून काढावी अशी ओली. उशीही ओली. खरं सांगायचं तर हे उन्हाळ्यातही व्हायचं, पण तेव्हा वाटायचं लाईन गेली असेल, कूलर बंद पडला असेल. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आमच्याकडे स्वतःचा घाम कोण वेगळा मोजतो?

जाग आली की पोट ढवळायला लागतं. संडास अंगणाच्या त्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे. बॅटरी शोधा, चपला शोधा, दार उघडलं की कुत्रं भुंकतं, आई उठून विचारते, "काय झालं रे बावा?" पावसाळ्यात एकदा पायरीवर परड साप बसला होता, तेव्हापासून रात्री जायची धास्तीच बसली आहे. परत येऊन पडलो की पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे.

घाम आजारानं येतो की गोळीनं? डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात रक्ताचं सांगू की घामाचं? आईचं म्हणणं दृष्ट लागली. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकून झाली.

निशाचर७ | १७ नोव्हेंबर, रात्री २.०५

उत्तर नाही माझ्याकडे, पण जागा मीही आहे.

तर्रीबाज | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

भाऊ, नागपूरहून लिहितो. मी क्रोन्सवाला, म्हणजे तुमच्या आजाराचा चुलतभाऊ. माझं नाव तर्रीबाज आहे, पण तर्री सुटून नऊ वर्षं झाली. सकाळी चौकात पोह्यांचा वास आला की नाक दाबून जातो.

पहिला प्रश्न, स्टेरॉइड किती वाजता घेता?

वावरवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

रात्रीच्या जेवणानंतर. जेवून घ्या म्हणाले होते, आणि पोटभर जेवण माझं रात्रीच होतं. सकाळी चहा पिऊन वावरात.

तर्रीबाज | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

बस्स! डोळे टक्क उघडे कशानं, ते सापडलं. घामाचं मात्र जाणकारांनी सांगावं.

जुनाडॉक्टर | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

निवृत्त फिजिशियन आहे, पोटाचा तज्ज्ञ नाही. इथे वाचून कोणी औषध बदलू नये, ही विनंती आधीच करतो.

तर्रीबाज यांचा अंदाज बरोबर वाटतो. आपलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पहाटे-सकाळी जास्त तयार करतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर द्यायची पद्धत त्यामुळेच आहे. रात्री घेतलं की शरीराला वाटतं सकाळ झाली. त्यानं भूक वाढते, मन पळत राहतं, काही जणांना घामही येतो. साखर वाढते, मग रात्री लघवीला उठावं लागतं. डॉक्टरांना फोन करून वेळ बदलून घ्या. झोप येत नाही म्हणून गोळी एकदम बंद मात्र करू नका. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराची स्वतःची ग्रंथी आळसावते. अचानक तोडलं तर रक्तदाब पडतो, माणूस गळून जातो, प्रसंगी जिवावर बेततं.

आता घाम. आतड्याला सूज असते तेव्हा रक्तात काही रसायनं फिरतात. टीएनएफ हे त्यातलं नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण काही नवी इंजेक्शनं त्याच्याच विरुद्ध असतात. ही रसायनं मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या भागाला सांगतात की आकडा वर न्या. आकडा वर जाताना थंडी वाजते आणि खाली येताना घाम सुटतो. म्हणजे रात्री भिजवणारा घाम हा पुष्कळदा उतरत्या तापाचा घाम असतो, चढता ताप माणसाच्या लक्षातच येत नाही. संध्याकाळी तापमान तसंही थोडं वर असतं.

म्हणून माझे प्रश्न. घरी थर्मामीटर आहे का? वजन किती उतरलं? खोकला आहे का? आणखी कुठल्या गोळ्या घेता, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा?

एक आकडा लिहून ठेवा. १९५५ पासून डॉक्टर मंडळी कोलायटिस किती तीव्र आहे ते ट्रूलव्ह आणि विट्स यांच्या निकषांवर ठरवतात. दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताच्या संडास, आणि सोबत १०० फॅरनहाइटच्या वर ताप, ९० च्या वर नाडी, साडेदहाच्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी), यांतलं एक जरी असलं तरी तो दवाखान्यात भरती व्हायचा आजार आहे. तेव्हा धागे वाचत बसायचं नाही.

रानमेवा | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

सगळ्या गोळ्या बंद करा. कुड्याची साल ताकात उगाळून २१ दिवस घ्या. आमच्या गावात चार जण बरे झाले. अ‍ॅलोपथीवाले हे सांगणार नाहीत.

पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

रानमेवा भाऊ, कुडा आमच्या आजीनंही हगवणीवर दिला, त्याले मी नावं नाई ठेवत. पन "सगळ्या गोळ्या बंद करा" हे कोनाले सांगू नका बाप्पा. वर डॉक्टरकाकाजींनी काय लिहिलं ते तं वाचा. स्टेरॉइड एकदम तोडलेला मानूस मी पीएचसीत पाह्यला हाय. बोलता येत नोतं त्याले, हात थंडे पडले होते.

मी एएनएम, म्हंजे सरकारी नर्स आहे, अमरावतीकडे. वावरवालाभाऊ, कोनी अजून नाव काढलं नाई म्हनून मीच काढते: टीबी. रातचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरनं, हे तीन मिळाले की आमच्या डोक्यात पह्यले तेच येते. तुमच्या गोळ्या अंगातली ताकद दाबून ठेवतात, तं लपलेला टीबी उठून बसू शकते. सरकारी दवाखान्यात तपासनी फुकट आहे. जाऊन याच.

आनखीन एक. हिमोग्लोबिन कमी असलं तं सिकलसेलची (रक्ताचा पिढीजात आजार) तपासनी झाली का तेही पाहा. आपल्या इदर्भात हे इचारावंच लागते. अन थर्मामीटर घेजा, हात लावून ताप समजत नाई.

तर्रीबाज | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

पऱ्हाटीताईंनी टीबीचं काढलं म्हणून माझी गोष्ट सांगतो. लांबेल थोडी.

२०१६ मध्ये माझं पोट दुखायचं, चौदा किलो वजन गेलं आणि रात्री असाच घाम. कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा, लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या वळणावर जखमा निघाल्या. क्रोन्स बहुधा तिथेच बसतो आणि आतड्याचा टीबीही तिथेच. तुकडा काढून तपासला तरी दोघांतही गाठीसारख्या पेशी दिसू शकतात. टीबीची ठळक खूण सापडली तर प्रश्न मिटतो, पण दर वेळी ती सापडत नाही. माझ्यात सापडली नाही. आपल्या देशात टीबी इतका, की अशा वेळी डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी आत पुन्हा पाहतात. कारण उलटं झालं, म्हणजे टीबीवाल्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर टीबी पसरतो.

रिफाम्पिसिन सुरू झालं आणि लघवी काटोलच्या संत्र्यासारखी झाली. घाबरलो होतो, मग समजलं की त्या गोळीनं होतंच. तीन महिन्यांनी पाहिलं तर जखमा तशाच. टीबी असता तर तोवर भरत आल्या असत्या. मग नाव बदललं, क्रोन्स. त्या तीन महिन्यांचा राग यायचा तेव्हा, आता नाही येत. दुसरा रस्ता नव्हता.

पुढे इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफच्या विरुद्धचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ताची तपासणी झालीच. ते इंजेक्शन लागू पडलं तसा घाम गेला. एका रात्रीत नाही. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग एक दिवस लक्षात आलं की महिना झाला, उशी वाळत घातली नाही.

जाता जाता एक प्रेमाचा सल्ला. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ करायचं पाणी घरी पिऊन पहाटेच्या एसटीत बसू नका. आदल्या दिवशीच शहरात नातेवाईक गाठा. कंडक्टर चांगला होता म्हणून माझी इज्जत वाचली.

मूळचा_वाशिमचा | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.००

धागा आरोग्य विभागात हलवावा ही विनंती. आणि 'बॅटरी' नव्हे, 'टॉर्च' किंवा 'विजेरी'.

तर्रीबाज | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.०४

पुण्यात राहून वाशिम विसरले वाटतं! आपल्याकडे बॅटरीच म्हणतात.

वैनगंगाकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी २.५०

भंडारा जिल्ह्यातून. आजार माझ्या मिस्टरांना आहे, पण झोप आमच्या दोघांची जाते. वावरवालादादा, तुमच्या घरच्या वहिनींचं कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही पहिलं काम केलं ते संडासचं. घरात बांधायची ऐपत नव्हती, तर खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून भोकाची खुर्ची ठेवली, म्हाताऱ्या माणसांसाठी मिळते तशी. मिस्टर आठ दिवस रुसले होते. चाळिशीच्या माणसाला लाज वाटणारच. पण पावसात चिखलातून धावत जाणं थांबलं तेव्हा आपोआप वापरायला लागले. उठले की पाच मिनिटांत परत अंथरुणात. पूर्ण जाग यायच्या आत परत पडलं तर झोप लागते, हे आम्हाला उशिरा समजलं.

उशाशी दोन सुती बनियन, एक कोरडा टॉवेल, तांब्या. गादीवर रेक्झिन, त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी. घाम आला की घडी ओढून काढायची, खाली दुसरी असतेच. दिवा लावायचा नाही, लहान लाल झिरो बल्ब ठेवला आहे. घाम आणि संडास दोन्हीतून पाणी जातं, म्हणून सकाळी ओआरएस.

रात्रीचं जेवण सात वाजता. भात, मुगाचं वरण, दुधी नाही तर लाल भोपळा. भिवापुरी मिरची घरात असते, पण त्यांच्या ताटात नसते. चहा चारनंतर नाही. यावरून आजही भांडण होतं, चहापुढे कोलायटिस काहीच नाही.

त्यांना एनिमा रात्री झोपताना दिला आहे. डाव्या कुशीवर पडून घ्यायचा. सुरुवातीला तो लगेच बाहेर यायचा आणि झोपेचा सत्यानाश. औषधाची बाटली कोमट पाण्यात थोडी धरली की बरं पडतं, हे तिथल्या सिस्टरनी सांगितलं होतं.

आणि पाय. रात्री पायात वळवळ व्हायची, ठेवू कुठे नि काय करू असं. आम्ही तेल चोळत बसलो सहा महिने. निघालं काय, तर अंगातलं लोह कमी.

जुनाडॉक्टर | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५.१०

वैनगंगाकाठ यांचा पायांचा मुद्दा महत्त्वाचा. आतड्यातून रक्त जात राहिलं की लोह संपतं, आणि लोह कमी असलं की रात्री पाय अस्वस्थ होतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, हेही पाहावं. आतड्याला सूज असताना फेरिटिन खोटं चांगलं दिसू शकतं, हे तपासणाऱ्याला माहीत असतं. लोहाच्या गोळ्या पोटाला झेपल्या नाहीत तर शिरेतून देता येतं.

रात्री संडाससाठी जाग येणं हे नुसत्या नाजूक पोटाचं, म्हणजे आयबीएसचं, लक्षण सहसा नसतं. तो माणूस झोपला की त्याचं आतडंही झोपतं. झोपेतून उठवणारी संडास म्हणजे आत सूज आहे असं आम्ही धरतो. त्यामुळे ही गोष्ट ओपीडीतल्या दोन मिनिटांत पहिल्या वाक्यात सांगायची.

झोप आणि आजार यांचं नातं दोन्ही बाजूंनी असावं अशीही शंका आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन हजारांहून जास्त रुग्ण होते. क्रोन्स शांत असूनही ज्यांची झोप खराब होती, त्यांचा आजार सहा महिन्यांत उसळण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. कोलायटिसमध्ये तसा संबंध दिसला नाही. तेव्हा वावरवाला, झोप नाही म्हणून आजार वाढेल या काळजीनं उरलेली झोप घालवू नका.

माझ्या प्रश्नांची उत्तरं राहिली, विशेषतः चौथ्याचं. मेडिकलमधून काय आणता?

वावरवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ११.५५

आताच वावरातून आलो. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे, हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे. एक गोष्ट सांगतो, हसू नका. रात्री वावरात असलो की माझं बरं असतं. कुठेही बसता येतं.

सर, खोकला नाही. वजन पाच किलो उतरलं. मेडिकलमधून कंबरेची गोळी आणतो. स्प्रिंकलरचे पाईप उचलून कंबर धरते, तर घरी आलो की साडेअकरा-बाराला एक घेतो आणि पडतो. उन्हाळ्यात सांधे दुखायचे तेव्हापासूनची सवय आहे. पट्टीवर डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल लिहिलं आहे. दुखणं थांबतं, म्हणून कोणाला सांगायचं सुचलं नाही.

जुनाडॉक्टर | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

हेच शोधत होतो.

पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक दोन्ही ताप उतरवतात. तुम्हाला संध्याकाळी बारीक ताप येत असणार, बाराला गोळी घेता, ती ताप खाली आणते आणि दीड-दोनला तुम्ही भिजून उठता. ताप कधी दिसला नाही, कारण तुम्हीच रोज तो पुसून टाकत होता. हा अंदाज आहे, थर्मामीटरनं पडताळा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन या जातीच्या गोळ्यांनी कोलायटिस भडकू शकतो. सांधेदुखी हीसुद्धा या आजारासोबत येणारी गोष्ट आहे, ती नुसती पाईप उचलून आलेली नसेल. म्हणजे आजारानं सांधे दुखले, त्यावर गोळी घेतली, तिनं कदाचित आजार वाढवला, म्हणून स्टेरॉइड लागलं, ते रात्री घेतलं म्हणून झोप गेली. आज गोळी घेऊ नका. दुपारी चार, संध्याकाळी सात आणि रात्री दहाला ताप मोजून वहीत लिहा, आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. संडास मंद करणारं लोपेरामाइडही परस्पर घेऊ नका. आतड्याला जोराची सूज असताना ते धोक्याचं ठरतं.

पऱ्हाटी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मेडिकलवाल्याची पट्टी! दर घरात फळीवर असते. मी भेटीले गेली की आता इचारत नाई, सरळ फळीच पाहतो म्हन्ते.

वावरवाला | २१ नोव्हेंबर, रात्री ९.३०

वही: १९ तारखेला चारला ९८.८, सातला १००.२, दहाला १००.६. काल सातला १००.४. आज सातला १००.२. गोळी घेतली नाही. घाम आला, पण पहाटे चारच्या पुढे आला. सर, तुम्ही इथे बसून कसं ओळखलं?

उद्या पहाटेच्या गाडीनं यवतमाळ.

रानमेवा | २१ नोव्हेंबर, रात्री १०.००

शुभेच्छा. कुड्याचं मी गोळ्यांसोबत घ्या असं म्हणायला हवं होतं.

पऱ्हाटी | २१ नोव्हेंबर, रात्री १०.१०

तेही डॉक्टरले इचारून, रानमेवाभाऊ.

वावरवाला | ६ डिसेंबर, रात्री ९.००

उशीर झाला, माफ करा. पाच दिवस भरती होतो.

वही दाखवली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, आणि पहिल्यांदाच दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलले. हिमोग्लोबिन ९.४, सीआरपी (हीसुद्धा सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं. एक्स-रे साफ. टीबीची रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली, पण स्टेरॉइड चालू असताना निगेटिव्हवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून छातीचं आणि पोटाचं सीटीही केलं. त्यात टीबीसारखं काही निघालं नाही. संडासातून जंतूंची तपासणी केली, तीही साफ. आजारच उसळला आहे म्हणाले. शिरेतून औषध दिलं, लोहही शिरेतून दिलं. सिकलसेल नाही. ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मीच विचारलं.

आता प्रेडनिसोलोन सकाळी भाकर खाऊन घेतो. पुढच्या महिन्यात अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) की इंजेक्शन ते ठरणार. इंजेक्शनचा खर्च ऐकून घरी अजून कोणाला सांगितलं नाही.

ताप गेला. घाम गेल्या आठवड्यात एकदा आला, बनियन बदलावी इतका नव्हता. झोप अकरा ते साडेतीन लागते, मग एकदा उठावं लागतं. खुर्चीचं घरी बोललो, तर बायको म्हणाली मी हे चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. वैनगंगाकाठताई, तुमचं वाचून दाखवलं तर तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी आणली. मी अजून रुसलेलाच आहे, पण वापरतो.

रात्रीच्या लाईनचं ओलीत लहान भाऊ पाहतो, दिवसाचं मी.

तर्रीबाज | ६ डिसेंबर, रात्री ९.२०

लय भारी! आणि कंबर?

वावरवाला | ६ डिसेंबर, रात्री ९.४५

कंबर आहे तशीच. शेकतो. डॉक्टर म्हणाले सांध्याच्या डॉक्टरांनाही दाखवू.

फळीवरच्या पट्ट्या आईनं गोळा करून पिशवीत भरल्या आणि पिशवी माळ्यावर टाकली. थर्मामीटर आता तिच्या ताब्यात आहे. तिला आकडे वाचता येत नाहीत, तर सातला नातवाला बोलावून वाचून घेते आणि वहीत त्याच्याचकडून लिहून घेते. मीठ-मिरचीही ओवाळते, ते बंद झालेलं नाही. काल ९८.४ होतं. "पाह्य, उतरली ना दृष्ट," म्हणाली.